उजव्या गालावरची सावली

उसाच्या तोडी सुरू झाल्या त्या सुमारास संयोगिताचं तोंड सुजायला लागलं. आधी नुसत्या डोळ्यांखाली फुगवट्या यायच्या आणि दुपारपर्यंत उतरून जायच्या. झोप पुरत नसेल म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. मग पायांवर सूज आली, जोडवी बोटांत रुतायला लागली. एके सकाळी पायातलं पैंजण काढता निघेना, तेव्हा तिची सासू मनुबाई म्हणाली, "हे काय साधं न्हाई बाय. चल ऊठ." दोघी उंब्रजच्या फाट्यावर वडापच्या जीपमध्ये बसल्या आणि कराडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेल्या.

मूत्रपिंडातून प्रथिनं गळत होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सावकाश बोलायच्या. घाबरायचं कारण नाही म्हणाल्या, पण गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतील आणि मनानं बंद करायच्या नाहीत. "पायांची सूज उतरेल. या गोळ्यांनी तोंड मात्र गोल होतं. डोस कमी झाला की होतं पहिल्यासारखं."

त्यांनी सांगितलं तसंच झालं. पाय उतरले आणि तोंड चढलं. संयोगिताचं मूळचं तोंड कसं, तर गालांची हाडं वर आलेली, खाली निमुळती हनुवटी. विश्वजीत तिला बघायला आला होता, तेव्हा परत जाताना गाडीत आईला एवढंच म्हणाला होता, "हनुवटी लय भारी हाय." त्यावरून घरात वर्षभर हसणं चाललं होतं. ती हनुवटी आता गळ्यातच विरघळली. गाल कानांपर्यंत भरले, त्यांवर बारीक लव आली. आरशात बघताना तिला वाटायचं, कुणीतरी दुसरीच बाई आपल्या डोळ्यांतून बघतेय.

विश्वजीत फौजेत नाईक होता. त्या वर्षी त्याची पोस्टिंग लडाखकडं, पार वर होती. त्यांच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि त्यातला त्यांचा बराचसा संसार फोनवरच झाला होता. रोज संध्याकाळी, नेट असेल तेव्हा, तो व्हिडिओ कॉल करायचा.

हॉस्पिटलातून परत येताना वडापातच मनुबाईनं सुनेचा हात घट्ट धरला. "विश्वाला यातलं कायबी सांगायचं न्हाई."

"आवं आत्या, पण त्यास्नी दिसंलच की."

"दिसू द्यायचं न्हाई. माझी आण हाय तुला."

मनुबाई अशी का बोलते ते घरात कुणाला विचारावं लागत नसे. विश्वजीत रांगता होता तेव्हाची गोष्ट. त्याचे वडील नाथाजी फौजेत ट्रक चालवायचे, कुठंतरी डोंगरात. इकडं विश्वजीतची थोरली बहीण रेश्मा तापानं फणफणली. मनुबाईनं फाट्यावरच्या टेलिफोनच्या दुकानातून युनिटला फोन लावला आणि नवऱ्याला रडत रडत सांगितलं. रेश्मा आठवड्याभरात उठून खेळायला लागली. आज ती लोणंदला सुखानं नांदतेय. पण त्याच आठवड्यात नाथाजींचा ट्रक दरीत गेल्याची खबर आली. पोरीच्या विचारात वळण चुकलं, असं मनुबाईच्या मनानं घेतलं ते कायमचं. तेव्हापासून ती म्हणायची, "ताप उतरला, पर मानूस गेला." पोरगा फौजेत भरती झाला त्या दिवसापासून तिनं घरातली एकही वाईट गोष्ट त्याच्यापर्यंत जाऊ दिली नव्हती. म्हैस मेली तरी ती फोनवर दूध देतच असायची.

पहिले काही दिवस संयोगितानं नेटचं कारण सांगून नुसत्या आवाजावर भागवलं. पण विश्वजीत हट्टाला पेटला. "लोकांच्या बायका दिसत्यात, माझीच कशी दिसत न्हाई? उद्या तोंड दाखवलंच पायजे." शेवटी मनुबाईलाच तोड सुचली. "त्या पार्लरवाल्या नवऱ्या मुलींची तोंडं बदलत्यात की. जा, इचार."

हॉस्पिटलच्या समोरच, मलकापूरच्या रस्त्यावर, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर ब्राह्मीचं पार्लर होतं. ब्राह्मी सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याची लेक, लग्न होऊन इकडं आलेली. बोलण्यात कानडी हेल आणि दर वाक्याला अक्का. तिनं संयोगिताला खुर्चीत बसवून विचारलं, "कुठला मेकअप करायचा अक्का? लग्नाचा का डोहाळजेवणाचा?"

"केलाय असं दिसू नये, असा."

ब्राह्मीला वाटलं, चेष्टा करतेय. संयोगितानं मोबाइलमधला आपला जुना फोटो काढून तिच्यापुढं धरला. "मी अशी दिसाय पायजे. फोनमधे. आन रंग लावलाय हे बघणाऱ्याला कळाय नको."

ब्राह्मीनं फोटोकडं बघितलं, मग तिच्याकडं. "गोळ्या चालू हायत व्हय?"

"तुमाला कसं कळलं?"

"हॉस्पिटलसमोर बसते मी अक्का," ब्राह्मी म्हणाली आणि पुढं काही विचारलं नाही. तिनं खणातून कॉन्टूरचे, म्हणजे तोंडावर सावली काढायचे, रंग काढले. बोटांएवढ्या कांड्या होत्या, तपकिरी रंगाच्या नाना तऱ्हा. संयोगितानं त्यातली एक उचलली, तांबूस, गोड दिसणारी. ब्राह्मीनं तीच तिच्या मनगटावर ओढून दाखवली. "ही लावलीस तर उन्हात राबून आल्यासारखी दिसशील. आपल्याला सावली काढायची हाय. सावली कवा तांबडी बघितलीस?" तिनं टेबलाच्या पांढऱ्या फळीवर हात धरला. हाताची सावली खरंच मळकट, राखेसारखी होती. दुसरी कांडी फार काळी निघाली, गालावर काजळी लागल्यासारखी. शेवटी जी निवडली तिचा रंग सुकल्या चिखलाचा, कुणी हौसेनं विकत घेऊ नये असा. पण गालावर पसरली आणि दिसेनाशी झाली.

"पावडरीतला घेऊ नगंस," ब्राह्मी म्हणाली. "गालावर लव आलीया, तिच्यात बसून उठून दिसंल. हा क्रीमचा घे, ओल्या स्पंजनं थापटायचा. घासायचा न्हाई."

"पर लावायचा कुठं? हाडच दिसत न्हाई."

"हाड कुठं जातंय? आत हायच की." ब्राह्मीनं तिचा अंगठा धरून तिच्याच गालात दाबायला लावला. सुजेच्या खाली, बरंच आत, हाड लागलं. कानापासून तोंडाच्या दिशेनं त्या हाडाच्या खाली रेघ, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली थांबवायची. पुढं नेली की कळतं. मग कपाळाच्या दोन्ही बाजू. मग जबडा, अगदी कडेवर न लावता कडेच्या खाली. हनुवटीच्या टोकाला मात्र जरा उजळ. उजेड तोंडासमोर घ्यायचा, फोन डोळ्यांच्या वर धरायचा आणि बाजूला मान वळवायची नाही.

आरशात जुनी संयोगिता आली होती. हनुवटी होती. ती बघता बघता तिचे डोळे भरले आणि डाव्या गालावर पाण्याची वाट पडून आतलं सगळं फुगीर दिसायला लागलं.

"रडायचं न्हाई अक्का," ब्राह्मी स्पंज घेऊन पुढं आली. "बाकी कायबी चालतं, रडायचं न्हाई."

त्या संध्याकाळी विश्वजीत दिसला. गालांवर थंडीनं फुटलेली कातडी, डोक्यावर लोकरीची टोपी. तो बराच वेळ नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "जरा भरलीस. चांगली दिसतीस." शेजारच्या खाटेवरच्या पोरांनी डोकावून "नमस्कार वैनी" केलं. आत स्वयंपाकघरात उभ्या मनुबाईनं पदर डोळ्यांना लावला. काम फत्ते झालं होतं.

पण ते काम रोजचं होतं. दिवस कलायला लागला की संयोगिता हातातलं टाकून आरशापुढं बसायची. स्वयंपाक अर्धा ठेवून, गोठ्यातलं अर्धं ठेवून. गोळ्यांनी घाम यायचा, तोंडावर पुटकुळ्या उठायच्या, त्यांवर क्रीम चुरचुरायचं. कॉल आला नाही तरी तोंड तसंच ठेवायचं, कारण कधी येईल सांगता येत नव्हतं. कॉलवर खळखळून हसायचं नाही, गाल वर आले की सावली भलतीकडं जाते. तो काही हळवं बोलला तर विषय बदलायचा, डोळे भरायला नको. तो म्हणायचा, "अगं जरा अंगणात जा, आंब्याला मोहर आलाय का दाखव." ती म्हणायची, अंधार पडलाय. अंधार पडलेला नसायचा.

लोकांना काय सांगायचं तेही मनुबाईनंच ठरवलं. हॉस्पिटलाचं नाव निघालं की गावभर होणार, आणि गावातली दोन पोरं विश्वजीतच्याच युनिटात होती. म्हणून तिनं सांगून टाकलं, "सून पार्लरचा कोर्स करतीया." सुजेचं कुणी विचारलं तर, "सासरचं मानवलंय." तपासणीच्या दिवशी संयोगिता कराडला जायची, रक्त-लघवी द्यायची, मग ब्राह्मीकडं जाऊन तोंड करून घ्यायची, कारण कॉल वाटेतच आला तर? आणि नटलेल्या तोंडानं वडापातनं गावात उतरायची. पदर कपाळावर ओढला तरी फाट्यावरच्या माणसांना दिसायचं ते दिसायचंच.

फाल्गुनात तिच्या भावाचं, साईराजचं लग्न निघालं. तिचं माहेर सांगलीजवळ. आई रोज फोन करायची, कधी येतीस म्हणून. लग्नात चारी बाजूंनी माणसं बघणार, मिठ्या मारणार, भर दुपारच्या उन्हात फोटो काढणार. तिथं कसला कॉन्टूर आणि कसलं काय. मनुबाई म्हणाली, "तुज्या आईला कळलं म्हंजे जावयाला कळलंच." संयोगितानं माहेरी कळवलं, सासूबाईंना बरं नाही, येता येत नाही. आईनं फोन आपटला. हळदीच्या दिवशी संयोगिता ज्वारीच्या रानात एकटीच कणसं खुडत बसली. तिथं कुणी बघायला नव्हतं, तिथं तिनं पोटभर रडून घेतलं.

पुढं झालं ते असं. विश्वजीतचा चुलतभाऊ पृथ्वीराज हायवेवर टेम्पो चालवायचा. मलकापुरात माल उतरवताना त्यानं तिला दोन-चारदा पार्लरच्या जिन्यावरून उतरताना बघितलं होतं. तो वाईट माणूस नव्हता. जे बघितलं ते त्यानं विश्वजीतला सहज बोलण्याच्या ओघात सांगितलं, "वैनी आता लय बदलल्यात गड्या. नटून थटून कराडास्नं येत्यात." आणि पुढं म्हणाला, "कोर्स कसला चाललाय? वळखीतल्या पोरी तर म्हंत्यात तितं कोर्सच न्हाई."

त्या संध्याकाळी वीज गेली होती. नेहमीच्या बल्बखाली बसता येईना, म्हणून संयोगिता पश्चिमेच्या खिडकीपाशी बसली. खिडकी तिच्या उजव्या हाताला. कॉल आला. विश्वजीत त्या दिवशी टोपी न घालता बसला होता आणि हसत नव्हता.

"साईराजच्या लग्नाला का न्हाई गेलीस?"

"आत्यास्नी बरं नव्हतं. सांगितलं की."

"मी आईला इचारलं. ती म्हणाली तुजंच डोकं दुखत हुतं." तो फोनच्या जवळ आला. "गालाला काय लावलंयस?"

"कुठं काय?"

"उजव्या गालाला. खिडकी उजवीकडं हाय न्हवं? उजेड थेट गालावर पडतोय. मग तितं सावली कशी?"

तिचा हात आपोआप गालाकडं गेला आणि मध्येच थांबला, कारण हात लावला तर पुसेल. तो थांबलेला हात त्यानं बघितला.

"कोर्समधे शिकवत्यात," ती म्हणाली. "सराव करते."

"रोज?"

"व्हय."

"कुणासाठी?"

फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता. मग त्यानं कॉल कापला.

त्यानंतर कॉल यायचे बंद झाले. संयोगिता रोज तोंड करून बसायची, दिवे लागणीनंतर धुऊन टाकायची. चौथ्या-पाचव्या दिवशी ती सासूपुढं उभी राहिली. "आत्या, मी सांगणार हाय. त्यांच्या मनात भलतंच आलंय."

मनुबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "येऊ दे. संशयानं मानूस मरत न्हाई. काळजीनं मरतो."

"आन माझी अब्रू?"

"गावाच्या तोंडाला मी तोंड देते. तू गोळ्या खा, बरी हो. तो येस्तवर तुजं तोंड उतरंल. मग कुणाला काय सांगायचीच गरज न्हाई."

"तवर काय करू?"

"काय करतीस? मी काय केलं? दिवस काढायचे."

त्या दिवशी दुपारी संयोगिता माळ्यावर जाऊन फोन घेऊन बसली. विश्वजीतचा नंबर काढला. आण तर आण, मोडू म्हणाली. बोट नंबरावर ठेवलं आणि तिच्या डोळ्यांपुढं एक घाट आला, एक वळण आलं, आणि तिनं कधीही न बघितलेला सासऱ्याचा ट्रक. आपण सांगितलं आणि उद्या काही झालं तर? बरं, न सांगता काही झालं तर? सासूची आण एकवेळ मोडता आली असती, पण सासूची भीती आता तिचीच झाली होती आणि ती काही केल्या मोडेना. ती फोन तसाच ठेवून खाली आली.

विश्वजीत न कळवता आला. वळवाचा पाऊस एकदा पडून गेला होता, ऊन तापलं होतं. संयोगिता अंगणातल्या दगडावर गोधड्या धूत होती. डोक्याला टॉवेल बांधलेला, साडी खोचलेली, तोंड नुसतं पाण्यानं भिजलेलं. त्या वेळी कॉल कधी येत नसे, म्हणून दुपारच्या त्या दोन तासांपुरतं तिचं तोंड तिचं असायचं. फाटकाची कडी वाजली. ती वळली. पाठीवर सॅक घेतलेला विश्वजीत दारात उभा होता. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि परक्या बाईशी बोलावं तसं मान जरा खाली घालून विचारलं, "काकी, आई घरात हाय का?"

संयोगिताच्या हातातली गोधडी दगडावरून घसरली. क्षणभर तिला वाटलं, व्हय म्हणावं आणि मागच्या दारानं निघून जावं. कुणाचीतरी काकी होऊन.

"रानात गेल्यात," ती म्हणाली.

आवाज ऐकला आणि त्यानं मान वर केली. तो रोज ऐकलेला आवाज होता. त्यानं तिच्या कपाळाकडं बघितलं, डोळ्यांकडं बघितलं, गळ्यातल्या डोरल्याकडं बघितलं. सॅक खांद्यावरून उतरवून खाली ठेवायलाही त्याला बराच वेळ लागला.

"तू हायस व्हय," तो म्हणाला.

तिनं सगळं सांगितलं, तिथंच, ओल्या दगडापाशी बसून. तो उंबऱ्यावर बसून ऐकत होता. मध्ये त्यानं एकदाच विचारलं, "कवापासनं?" आणि तिनं सांगितल्यावर मनातल्या मनात हिशोब करायला लागला. संयोगिताला वाटलं होतं तो तिला जवळ घेईल, नाहीतर रडेल. त्याला राग आला.

"आमालाबी तोंड रंगवाय शिकवत्यात," तो म्हणाला. "रातच्या गस्तीला. जितं हाड वर असतंय तितं काळं, जितं खोलगट तितं उजळ. म्हंजे दुश्मनाला तोंड तोंडासारखं दिसत न्हाई. तू बरूबर उलटं केलंस. पर फसवलंस मला दुश्मनासारखंच. मी कुणाशी बोलत हुतो इतकं दिस? त्या खोक्यातल्या चित्राशी?"

"बोलत मीच हुते की."

"तुला काय झालं असतं तर मला चित्राचीच खबर आली असती."

मनुबाई रानातून वैरणीचा भारा घेऊन आली तशी मायलेकांची चांगलीच जुंपली. विश्वजीत आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडला. मनुबाईनं भारा टाकला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "मी सांगितलं तुज्या बापाला," ती म्हणाली. "मी माझ्या तोंडानं सांगितलं, आन तो गेला."

"तू त्या ट्रकात हुतीस का आई? काय झालं कुणाला म्हाईत हाय? ब्रेक गेला असंल. रस्ता खचला असंल."

"मला म्हाईत हाय," मनुबाई म्हणाली. तिच्याशी यावर कुणी कधी बोललंच नव्हतं, आणि आता बोलूनही उपयोग नव्हता. तिनं वैरण उचलली आणि गोठ्यात गेली.

रजा होती तोवर विश्वजीतनं जे करायचं ते केलं. तिला गाडीवर बसवून उघडपणे हॉस्पिटलात नेलं, डॉक्टरीणबाईंना सतरा प्रश्न विचारले. पृथ्वीराजला घरी जेवायला बोलावून त्याच्यादेखत म्हणाला, "माझी बायकू आजारी हाय, गावाला सांग." एक दिवस सांगलीकडं जाऊन आले. संयोगिताच्या आईनं लेकीला दारातच बघितलं आणि लग्नाला न आल्याचा सगळा राग तिथंच गिळला. पण घरात तो तिच्याशी बोलताना बऱ्याचदा दुसरीकडं बघायचा. चुलीकडं, म्हशीकडं. झोपेतून उठल्यावर अचानक नजर पडली की दचकायचा आणि दचकलो नाही असं दाखवायचा. ती ते बघायची.

तो परत वर गेला. पहिल्याच संध्याकाळी संयोगिता काहीही न लावता बल्बखाली बसली. कॉल आला. तो बोलला, ती बोलली. त्याची नजर फोनच्या कडेला कुठंतरी होती. मागून पोरं डोकावली नाहीत. मग त्यानंच त्यांना लांब जायला सांगितलं असावं, असं तिला वाटलं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "नेट बारीक हाय. नुसताच बोलूया का?"

चित्र गेलं आणि त्याचा आवाज मोकळा झाला. तो खूप बोलला त्या दिवशी, थंडीचं, जेवणाचं, एका कुत्र्याच्या पिल्लाचं. शेवटी जरा थांबून म्हणाला, "राग मानू नगंस. इतं असताना तुला तसं बघितलं की दिसभर मन लागत न्हाई."

"आत्याबी तेच म्हणत हुत्या," संयोगिता म्हणाली.

उन्हाळा सरेपर्यंत डोस कमी होत आला. गाल उतरायला लागले, अंगठ्यानं न दाबताही हाड हाताला लागायला लागलं. ब्राह्मी म्हणाली, "आता तुला माझी गरज न्हाई अक्का." आणि श्रावणाच्या तोंडावर तपासणीत प्रथिनं परत दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, आजार उलटतो, परत मोठा डोस सुरू करायला लागेल. किती दिवस, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी विश्वजीतचा फोन आला, नुसत्या आवाजाचा. "रिपोर्ट कसं आलं?"

मनुबाई दारात उभी होती. संयोगितानं तिच्याकडं बघितलं. "चांगलं आलं," ती फोनात म्हणाली. "तुमी वरच्या चौकीवर कवा निघताय?"

"पहाटं. आठवडाभर फोन लागायचा न्हाई."

"जपून जावा."

फोन ठेवल्यावर मनुबाई आत आली. "खोटं बोललीस."

"व्हय."

"आता तर मी आण घातली नव्हती."

मनुबाई तिच्या शेजारी बसली, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिनं सुनेचं ते फुगणारं तोंड दोन्ही हातांत धरलं. पण तिच्या डोळ्यांत जिंकल्याचं काही नव्हतं. उलट ती घाबरली होती.

तो आठवडा दोघींनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. विश्वजीत खाली उतरला, त्याचा फोन लागला, आणि तो सुखरूप आहे एवढं कानांनी ऐकल्यावर संयोगितानं खरं ते सांगून टाकलं. मग तो म्हणाला, "तवाच का न्हाई सांगितलंस?" तिनं विचारलं, "तवा सांगितलं असतं तर तुमी गेला नसता का?" जाणं काही त्याच्या हातात नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

संयोगिताच्या गोळ्या अजून चालू आहेत. कराडला ती आता कुणापासून न लपता जाते. वडापातल्या बायका विचारतात, ती सांगते. ब्राह्मीकडं लग्नसराईत हाताखाली काम करते. सासूनं सांगितलेला खोटा कोर्स असा खरा झाला. विश्वजीतचा फोन रोज येतो, कधी चित्राचा, कधी नुसत्या आवाजाचा. चित्राचा आला की तिला कळतं, आज त्याचं मन धड आहे. नुसता आवाजाचा आला की समजते, आज त्याला झेपायचं नाही. ती दोन्ही उचलते.